धुऊन टाकलेली पांदण

माझी नात एका मोठ्या ग्रंथालयात नोकरी करते. पुस्तकं देण्याघेण्याची नाही, जुने नकाशे सांभाळण्याची. म्हणजे नेमकं काय करतेस, असं मी दिवाळीत तिला विचारलं, तेव्हा तिनं जे सांगितलं त्यावरून माझी समजूत अशी झाली की ती नकाशांची बाळंतपणं करते. वर्षानुवर्षं गुंडाळून आखडलेले कागद आधी दमट हवेत ठेवायचे, मऊ पडले की हळूहळू उलगडायचे, वजनाखाली निजवायचे, बारीक ब्रशनं धूळ झाडायची, फाटलं असेल तिथं पातळ कागदाचं ठिगळ लावायचं. मग मोठ्या यंत्राखाली ठेवून त्याचा फोटो घ्यायचा, की तो नकाशा कॉम्प्युटरवर कायमचा बसला. त्या खोलीत शाईचं पेन चालत नाही, चहा चालत नाही, डोक्याला तेल लावून आलेला माणूससुद्धा चालत नाही.

“आणि पाणी?” मी विचारलं.

“पाण्याचं तर नावच काढू नकोस. काही नकाशे कापडावर असतात, आजी. निळसर, गुळगुळीत कापड, ट्रेसिंग क्लॉथ म्हणतात. त्याला खळ दिलेली असते. पाणी लागलं की खळ गेली, खळीबरोबर शाई गेली, झालं. गंमत सांगू? पूर्वी बायका म्हणे असे नकाशे धुऊन त्याचे रुमाल शिवायच्या! काय मूर्ख बायका असतील!”

“असतात काही काही,” मी म्हटलं आणि देव्हाऱ्यातली जपमाळ ओढायला घेतली. मी कधी जप करत नाही, हे तिच्या लक्षात आलं नाही.

रुमाल नव्हते ते. दोन झबली होती आणि एक टोपडं.

त्या मूर्ख बाईचं वय तेव्हा एकोणीस. महाराष्ट्र नुकताच झाला होता आणि तीही नुकतीच सून झाली होती. दोघांनाही वाटत होतं की जग आपल्यापासूनच सुरू झालं आहे. तिचं माहेर जळगाव जामोदचं, म्हणजे घाटाखालचं, आणि सासर डोणगावच्या बाजूचं एक खेडं, म्हणजे घाटावरचं. जिल्हा एकच, पण घाटावरच्या लोकांना घाटाखालची माणसं उगाच शहाणी वाटतात, आणि ह्या पोरीच्या बाबतीत त्यांचं चुकत नव्हतं. सातवी पास, शिवणवर्गाचं सर्टिफिकेट, आणि डोक्यात ह्या दोन्हींची हवा. सर्टिफिकेट तर तिनं सासरी येताना काच लावून आणलं होतं. भिंतीवर लावायला खिळा द्या, असं तिनं तिसऱ्याच दिवशी सासूला म्हटलं. सासू म्हणाली, “पोटाले लावतात का वं ते?”

सासूला आम्ही आत्याबाई म्हणायचो आणि सासऱ्यांना मामाजी. मामाजी मोजणीदार होते. वऱ्हाड मध्य प्रांतात होता त्या काळात त्यांनी खांद्यावर साखळी टाकून गावोगावची वावरं मोजली, वर्षानुवर्षं. निवृत्त होऊन घरी आले तेव्हा डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. सोबत दोन गोष्टी आणल्या होत्या. एक पत्र्याचं लांब नळकांडं, त्यात आमच्या आणि आजूबाजूच्या गावांचे त्यांनी स्वतःच्या हातानं कापडावर काढलेले नकाशे. दुसरं, गोणपाटात बांधलेलं एक गाठोडं, त्यात बिघडलेल्या नकला. शाई सांडलेल्या, रेघ चुकलेल्या. दोन्ही माळ्यावर. गाठोड्याचं काहीही करा, नळकांड्याला हात लावायचा नाही, एवढा एकच नियम त्या घरात मामाजींनी घातला होता. बाकी सगळे नियम आत्याबाईंचे.

माझा नवरा मास्तर, दुसऱ्या गावी राहायचा आणि शनिवारी यायचा. त्यामुळे त्या वर्षी घरात मी, आत्याबाई, मामाजी आणि बाळंतपणाला आलेली थोरली ननंद, एवढेच. ननंदेला माझ्या सर्टिफिकेटाचा भारी राग.

“काय वं शिवणवाली,” ती पोट सांभाळत म्हणायची, “मशीन आणली नाही वाटते माहेरून? सर्टिफिकेटानंच शिवते काय?”

मुलगा झाला. आमच्याकडे बारशापर्यंत बाळाला नवं कापड लावत नाहीत, जुनं, घरात वापरून मऊ झालेलं कापडच लावायचं. मामाजींची जुनी धोतरं फाडून लंगोट झाले, दुपटी झाली. ननंद म्हणाली, “आता दाखवा तुमची शिवणविद्या. जुनं पाह्यजे, पण राजाच्या पोरावानी दिसलं पाह्यजे.”

ती चिडवत होती. ह्या पोरीनं ते आव्हान समजून पदरात बांधून घेतलं.

माहेरी आमच्या शेजारी एका ओव्हरसियरचं बिऱ्हाड होतं. त्याची बायको नवऱ्याचे टाकाऊ नकाशे ऊन पाण्यात रात्रभर भिजत घालायची. सकाळी चोळलं की खळ निघून जायची आणि हातात यायची मलमलीला लाजवील अशी तलम मलमल. मला ते आठवलं, आणि अंगात वारं शिरलं. जुनं कापड, म्हणजे आत्याबाईंचा नियम पाळला. दिसायला रेशमासारखं, म्हणजे ननंदेचं तोंड बंद. एका दगडात दोन पक्षी मारायला निघालेल्या माणसाला तिसरा पक्षी दिसत नाही.

गाठोड्यातल्या दोन नकला धुतल्या. एक झबलं झालं, अगदी सुरेख. आत्याबाईंनी बाळाला घातलं, गालावर काजळाचं बोट लावलं आणि माझ्याकडे बघून पहिल्यांदा हसल्या. तेवढ्यानं मी हरभऱ्याच्या झाडावर चढले. दुसरं झबलं आणि टोपडं करायला निघाले, तर गाठोड्यातल्या उरलेल्या नकलांना कसर लागलेली, भोकंच भोकं.

मग मी नळकांडं उघडलं.

एकच काढेन, असं स्वतःला सांगून काढलं. सगळ्यात स्वच्छ, सगळ्यात मोठं कापड बघून काढलं. त्यावर काय आहे ते पाहिलंच नाही असं म्हणणार नाही. पाहिलं. काळी शाई निघेल, लाल निघणार नाही, एवढं पाहिलं. आणि लाल खरंच निघाली नाही. छातीशी फिकट गुलाबी डाग राहिला, तर मी त्यावर हिरव्या दोऱ्यानं पोपट भरला. पोपट इतका छान उतरला की शेजारणी बघायला आल्या. “घाटाखालची सून गुणाची हाय हो,” त्या म्हणाल्या. मी मान खाली घालून, लाजून, पण एकही शब्द सुटू न देता ऐकलं.

त्या शेजारणींत एक मळेवाली होती. माझ्याच वयाची, दोन लेकरांची आई. नाल्यापलीकडे तिचा आणि तिच्या नवऱ्याचा मळा, मळ्यात गोड्या पाण्याची विहीर. वांगी, मेथी, मिरची काढायची आणि बैलगाडीत घालून डोणगावच्या बाजाराला न्यायची. मळ्यात जायला एकच वाट, गावातल्या सगळ्यात मोठ्या वावराच्या कडेकडेनं जाणारी पांदण. दोन्ही बाजूंना बोरी-बाभळी, मधे चाकोऱ्या. नदीला पात्र असतं तसं वावरांना पांदण असते, ती कुणी काढलेली नसते, चालून चालून झालेली असते. ही मळेवाली माझी त्या गावातली एकुलती एक मैत्रीण. आत्याबाई दुपारी निजल्या की ती गाडी घेऊन मागच्या दाराशी यायची, मी रिकाम्या गोण्यांवर बसून तिच्याबरोबर मळ्यात जायची. ओला हरभरा खायचा, विहिरीत पाय सोडून बसायचं, दिवे लागायच्या आत परत. “वयनी, पदर घ्या डोक्यावर, नाहीतर लोक म्हणतीन मी घाटाखालची सून पळवून राह्यली,” असं ती म्हणायची, आणि बैलांना हाकलायची.

बारसं होऊन महिना झाला असेल. एक दिवस ती सकाळीच आली, तीही पुढच्या दारानं, नवऱ्याला घेऊन. मोठ्या वावराच्या धन्यानं पांदण नांगरून टाकली होती. बाभळी तोडल्या, चाकोऱ्या मोडल्या, ढेकळं सारखी करून धुऱ्यापर्यंत, म्हणजे पार बांधापर्यंत, कपाशी पेरायला जमीन तयार केली. मळ्यातली वांगी तोडायला आलेली, आणि गाडी जायला वाट नाही.

मामाजींनी धन्याला निरोप धाडला. तो आला. खोटं कशाला बोलू, माणूस आडदांड नव्हता. ओसरीवर येऊन मामाजींच्या पाया पडला.

“काकाजी, माहं काही भांडण नाही. नव्या मोजणीच्या कागदात पांदण नाही, म्हणून मी नांगरली. चावडीतला जुना नकाशा वाळवीनं खाल्ला. वरच्या कचेरीत माणूस धाडला, तिथले म्हणतात जुना कागद सापडत नाही. पण तुमच्या नकाशात असन त दाखवा. उद्याच्या उद्या माह्या बैलांनी वाट करून देतो. तुमच्या शाईपुढं मी जात नाही.”

मामाजी हसले. त्यांना कितीतरी दिवसांनी कुणी कामाचं विचारलं होतं.

“नसन कशी? मीच काढली ना बे ती वाट! टिंबांच्या दोन रांगा, नाल्याच्या पाळीवरून वळते आन यांच्या विहिरीपाशी जाऊन थांबते. सूनबाई, नळकांडं द्या खाली.”

मी नळकांडं काढून दिलं. शेजारणींच्या घोळक्यात मान खाली घालून ऐकलेलं कौतुक त्या वेळी कानात एकदम उलटं वाजायला लागलं. मी दाराआड उभी राहिले.

गावातली आठ-दहा माणसं ओसरीवर बसलेली. मळेवालीचा नवरा टोपी हातात घेऊन पायरीवर, ती त्याच्या मागे उभी. मामाजी एकेक कापड काढत, नाकाशी नेत, बोटांनी कडा चाचपत. “हा जानेफळच्या बाजूचा. हा नाही. हा वरच्या वाडीचा. हा नाही.” नळकांडं रिकामं झालं. त्यांनी ते उलटं करून झटकलं. आत हात घालून बघितला. मग सगळी कापडं पुन्हा पहिल्यापासून.

“ह्यातच होता,” ते म्हणाले.

“असन काकाजी,” धनी अदबीनं म्हणाला, “पण दिसत नाही ना.” मग तो बाकीच्यांकडे वळला. “कोणी सांगावं बाप्पा, पांदण होती काय? मी ऐकतो.”

कुणी बोललं नाही. बसलेल्यांपैकी निम्मे त्याच्याच वावरात कामाला जायचे, उरलेल्यांचे बैल त्याच्या पडीत चरायचे. मळेवाली बोलली. “होती,” ती म्हणाली, “तुमाले बी माहीत हाय.” पण तिचं कोण ऐकतो, वाट तिचीच.

मामाजींनी आत हाक दिली. “सूनबाई, माळ्यावर आणखी काही हाय काय?”

“नाही मामाजी,” मी म्हटलं.

ते खोटं नव्हतं. माळ्यावर कसर लागलेल्या नकलांखेरीज खरंच काही नव्हतं. जे होतं ते परसात दोरीवर वाळत होतं, पोपटासकट.

त्या दिवशी मी काय काय ठरवलं त्याची यादी केली तर तुम्ही हसाल. आधी ठरवलं, माणसं गेली की सांगू. माणसं गेली तर ननंद ओसरीवर येऊन बसली. मग ठरवलं, संध्याकाळी सांगू. संध्याकाळी बाळ रडत होतं. मग ठरवलं, शनिवारी नवऱ्याला सांगू, तो सांगेल. शनिवारी नवरा आला तो पाय मुरगळून. एकोणीस वर्षांच्या शहाण्या पोरीला न सांगण्याची कारणं शोधायला सर्टिफिकेट लागत नाही.

चार दिवसांनी मी मामाजींना चहा नेऊन दिला. एकटेच होते. आता सांगायचंच म्हणून मी पेला ठेवून तिथंच उभी राहिले. त्यांनीच आधी विचारलं, हळू आवाजात.

“सूनबाई, माहं डोकं ठिकाणावर हाय ना? मी तो नकाशा काढला होता, का मले उगाच वाटते?”

“हाय मामाजी,” मी म्हटलं. “ठिकाणावर हाय.”

एवढं बोलून मी आत आले. त्यांना धीर दिला असं मला वाटलं. खरंच वाटलं हो! त्या पोरीचा मला आता राग येतो तो नकाशा धुतल्याचा नाही, ह्या दोन वाक्यांचा.

मळेवाली दोन पावसाळे टिकली. डोक्यावर टोपली घेऊन नाल्यातून यायची. नाल्याला पाणी असलं की थांबायची. पाणी ओसरून बाजाराला पोचेपर्यंत बाजार उठलेला, मेथी पिवळी पडलेली. बैल नुसते दावणीला. शेवटी त्यांनी मळा देऊन टाकला. कुणाला? ज्यानं वाट नांगरली त्यालाच. वाट नसलेला मळा दुसरा घेतो कोण? ती मंडळी जानेफळला तिच्या भावाकडे निघाली. जायच्या आधी ती माझ्याकडे आली, मागच्या दारानं, वांग्यांची टोपली घेऊन.

“येतो वयनी.”

मी तिची ओटी भरली, कुंकू लावलं, पाणी दिलं. ती पाणी पिऊन झाल्यावरही थोडी थांबली. मग गेली.

गावात तोवर एक म्हण तयार झाली होती. कुणाची शेळी हरवली की लोक म्हणायचे, “गेली मोजणीदाराच्या नकाशात.” कुणी सांगितलं की आमच्या घरी रेडिओ येणार आहे, तर पारावरचे म्हणायचे, “हाव, मोजणीदाराच्या नकाशात हाय तुहा रेडिओ.” मामाजींच्या कानावर ते पडलं असणार, कारण ते पारावर जायचे बंद झाले. नळकांडं खाटेखाली ठेवायला लागले. मधेच बाहेर काढून कापडं मोजायचे. ती दरवेळी सारखीच भरायची. वारले तेव्हा ते नळकांडं आत्याबाईंनी कुठं दिलं, मी विचारलं नाही. ती म्हण पुढे माझी पोरं घरात म्हणायला लागली. चमचा सापडला नाही की म्हणायची. कुठून आली हे त्यांना माहीत नव्हतं. मीही एकदा बोलून गेले, सवयीनं.

इतकी वर्षं मी स्वतःला एक औषध देत आले. मनाशी म्हणायची, त्या नकाशात पांदण नसेलच. मामाजींना खरंच भ्रम झाला असेल. नसलेली वाट धुतली काय आणि न धुतली काय. हे औषध कडू नव्हतं, म्हणून रोज घ्यायला जड गेलं नाही.

तर दिवाळीचंच सांगत होते. दोन दिवसांनी नात लॅपटॉप घेऊन माझ्या खाटेवर येऊन बसली. “आजी, तुझ्या सासरचं गाव सापडलं. आमच्याकडे वऱ्हाडातल्या जुन्या गावनकाशांचा एक गठ्ठा आलाय, कुठल्यातरी बंद पडलेल्या कचेरीतनं. गेल्या महिन्यात स्कॅन झाले.”

पडद्यावर पिवळट कागद आला. तिनं बोटांनी मोठा केला. मारुतीचं देऊळ. गावठाण. नाला, गांडुळासारखा. वावरांवर बारीक आकडे. विहिरीला छोटं वाटोळं.

“आणि ह्या टिंबांच्या दोन ओळी बघ,” ती म्हणाली, “म्हणजे गाडीवाट. किती स्पष्ट आलंय ना?”

मोठ्या वावराच्या कडेनं टिंबं निघाली होती. नाल्याच्या पाळीवरून वळली होती. विहिरीच्या वाटोळ्यापाशी थांबली होती. मामाजी म्हणाले होते तश्शी. मी तिला म्हटलं, अजून मोठं कर. ती करत गेली, करत गेली, शेवटी टिंबांचे चौकोन झाले आणि काहीच कळेना, तरी मी म्हणत होते, अजून.

“रडतेस काय गं?”

मग मी तिला सांगितलं. मूर्ख बायकांपैकी एक समोर बसली आहे म्हणून सांगितलं. तिनं लॅपटॉप मिटला. कामातली मुलगी आहे. मग म्हणाली, “ऊन पाणी घेतलंस का थंड?”

“ऊन.”

“हं,” ती म्हणाली, आणि माझा हात हातात घेतला.

तिनं तो नकाशा मोठ्या कागदावर छापून आणला. आम्ही तिच्या गाडीनं जानेफळला गेलो. मळेवाली जिवंत आहे हे मला माहीत होतं, नातवाकडे राहते हेही. त्या रस्त्यावरून मी एसटीनं कितीदा गेले असेन, पण तिथं उतरले कधी नाही.

ती दारात बसून मेथी निवडत होती. वाळून काटकी झालेली, पण हात भरभर चालत होते. नातीनं माझी ओळख करून दिली. तिनं मान वर करून डोळे बारीक केले.

“घाटाखालची वयनी? माय वं! बसा. अजून जित्या हा तुमी?”

“अजून जिती आहे,” मी म्हटलं, “तुझ्याशी काम होतं म्हणून यमाला थांबवलं.”

ती हसली. मी कागद उलगडला, तिच्या पुढ्यात धरला, टिंबांवर बोट ठेवलं. सगळं सांगितलं. नळकांडं, झबलं, पोपट, दोरी. ती मेथीच्या काड्या मोडत राहिली. कागद तिनं हातात घेतला नाही.

“पांदण होती हे मले कागद सांगन काय?” ती म्हणाली. “मी रोज गाडी हाकली ना तिच्यावरून. आन तुमी? तुमी नव्हत्या येत माह्या गाडीत बसून? हरभरा खायले?”

“येत होते.”

“मंग? त्या दिवशी दाराआड उभ्या होत्या. मले तुमचं लुगडं दिसे. धनी म्हणे, कोणी सांगावं, मी ऐकतो. मी दाराकडं पाहे. मले वाटे, वयनी आता म्हणन, आता म्हणन, मी पाह्यली पांदण. कपडा धुतला त धुतला, पोरसवदा होत्या. तोंड त होतं ना जाग्यावर?”

इतकी वर्षं मी नकाशासाठी झुरले. आपण स्वतः त्या वाटेच्या साक्षीदार होतो, हे माझ्या डोक्यात एकदाही आलं नव्हतं. एकदाही नाही. मला वाटायचं, साक्ष म्हणजे शाईची.

“ओसरीवर सुनेनं बोलायचं नसायचं गं,” मी म्हटलं.

“हाव, नसायचं. मी बोलली ना पण? मी बी सूनच होती.”

नात उठून गाडीकडे गेली. मला वाटतं मुद्दाम गेली.

“म्हाताऱ्याले सांगतलं होतं काय तुमी?” मळेवालीनं विचारलं.

“नाही.”

तेव्हा तिचे हात पहिल्यांदा थांबले.

“त्याहिले त सांगाच लागत होतं वयनी. आमी निघाच्या आदल्या दिवशी म्हातारा आमच्या घरी आला होता. एकटाच, काठी टेकत, दिसत नव्हतं तरी. माह्या नवऱ्याले म्हणे, माफ कर बाबू, वाट माह्याच डोक्यातून गेली. माह्या नवऱ्यानं पाय धरले त्याचे. तो मरेपर्यंत सांगे ते.”

हे मला कुणीच सांगितलं नव्हतं. मी त्या दिवशी घरातच असणार. मामाजी काठी घेऊन बाहेर पडले तेव्हा कदाचित मीच दार उघडून दिलं असेल. आठवत नाही. आठवायचा प्रयत्न केला की नुसतं दार दिसतं.

मी तिला म्हटलं, मला माफ कर. ती हो म्हणाली नाही, नाहीही म्हणाली नाही. मेथीची जुडी बांधून तिनं बाजूला ठेवली.

“मले माफी मागून काय करता? मी त जानेफळात सुखी हाव. लेकरं शिकली, नातू वावर पाहते. मले मळ्याचं दुःख झालं तेवढं झालं, आता वांगं पाह्यलं तरी आठवत नाही.” मग तिनं विचारलं, “अजून म्हणतात काय तिथी, मोजणीदाराच्या नकाशात गेलं म्हणून?”

“म्हणतात.”

“मंग मले कायले दाखवता? त्याहिले दाखवा. पारावर जाऊन सांगा, म्हातारा खरा होता. कागद दाखवू नका नुसता. तोंडानं सांगा.”

ह्याला आता तीन आठवडे झाले. परत आल्यावर मी वही घेऊन बसले आणि हे लिहून काढलं. लिहिताना वाटलं, सांगितलं एकदाचं. वाचून बघितलं तेव्हा दिसलं की मी ह्यात गावाचं नाव घातलेलं नाही, धन्याचं नाही, तिचं नाही, मामाजींचं तर नाहीच. एकोणीस वर्षांची ती पोर अजून दाराआडच उभी आहे, फक्त आता तिच्या हातात पेन आहे.

नातीला मी फोन केला की येत्या रविवारी मला गावात नेऊन सोड. पार अजून आहे, मारुतीपुढं, सकाळी दहा-बारा म्हातारे बसतात. त्यातले निम्मे त्या धन्याच्याच भावकीतले. ते हसतील. कदाचित तीच म्हण माझ्या तोंडावर म्हणतील. नात म्हणाली, “आजी, गुडघे दुखतायत ना तुझे? पुढच्या महिन्यात जाऊ.”

गुडघे दुखतात हे खरं आहे. मी म्हटलं, “नाही. ह्याच रविवारी.”